रस्त्यावरचे संशोधन कुठून सुरू करावे : मुंबईतील नवख्या अभ्यासकासाठी

रस्ता सुरक्षेवर किंवा लोकांच्या प्रवासाच्या सवयींवर काम करायचे ठरवलेला विद्यार्थी पहिल्या भेटीत बहुधा ‘मुंबईतील रस्ते अपघातांची कारणे’ असा विषय घेऊन येतो. विषय चुकीचा नाही, पण त्याला हात कुठून घालायचा हे कळत नाही, कारण मुंबई अफाट आहे आणि ‘कारण’ हा शब्द पोलीस, अभियंता, डॉक्टर आणि विमा कंपनी असे चौघे चार अर्थांनी वापरतात. पुढे दिलेला क्रम स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, समाजशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य अशा कोणत्याही शाखेतून आलेल्या, हाती फार पैसा नसलेल्या आणि सहा-आठ महिन्यांत एक अभ्यास पूर्ण करू पाहणाऱ्यासाठी आहे. त्यात एक आग्रह पुन्हा पुन्हा येईल : कोणताही आकडा वापरण्याआधी तो कोणी, कशासाठी आणि केव्हा लिहिला हे विचारावे, मग तो मंत्रालयाच्या अहवालातला असो वा स्वतःच्या वहीतला.

पहिली पायरी : प्रश्न एका फाट्यापर्यंत आणावा

चांगल्या प्रश्नात जागा, माणसे, वेळ आणि वर्तन या चारही गोष्टी असतात. ‘पादचारी बेशिस्त का वागतात’ हा प्रश्न नव्हे, तो निकाल आहे. ‘लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका ठरावीक फाट्यापाशी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात स्टेशनकडून येणारी माणसे झेब्रा क्रॉसिंग सोडून दुभाजकातल्या फटीतून का जातात’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर मोजता येते आणि ते आपल्या अंदाजाच्या विरुद्धही निघू शकते. उत्तर ‘नाही’ असे येण्याची शक्यताच ज्यात नाही, तो प्रश्न बाजूला ठेवावा.

प्रश्न लिहून झाला की संगणक उघडण्याआधी त्या जागी दोन तास नुसते उभे राहावे. हा सल्ला साधा वाटतो आणि म्हणूनच बहुतेक जण तो टाळतात. वर सांगितलेल्या प्रकारच्या एका फाट्यापाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा दुभाजकाच्या जाळीचा एक गज वाकवून केलेली फट दिसली. फटीच्या दोन्ही कडांचा रंग उडून लोखंड हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत आणि चकचकीत झाले होते, तर तिथून शंभरेक पावलांवर असलेल्या झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मधोमध शाबूत होते. ही जागा लोकांनी महिन्यादोन महिन्यांत निवडलेली नाही, हे त्या लोखंडाने कोणत्याही प्रश्नावलीआधी सांगितले. बसथांबा फटीच्या अगदी समोर होता आणि शेअर रिक्षांची रांग त्याला लागूनच होती. झेब्रा क्रॉसिंग मात्र जिथे रस्ता आखणाऱ्याला सोयीचे, तिथे होते. अशा टिपा तारीख, वेळ आणि हवामानासह वहीत उतरवाव्यात. पुढे आकडे कोड्यात टाकतात तेव्हा याच टिपा उपयोगी पडतात.

दुसरी पायरी : उपलब्ध आकडे वाचायला शिकावे

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय दरवर्षी देशातील रस्ते अपघातांचा अहवाल काढते. २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची, तर १९.५ टक्के पादचारी होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा अहवाल वेगळा असतो. दोन्हींची मूळ माहिती पोलिसांकडूनच येत असली, तरी मोजण्याची पद्धत आणि संकलनाचा मार्ग वेगळा असल्याने दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये.

आता याच अहवालातली एक प्रसिद्ध ओळ घ्या : २०२२मधील ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. वर्तमानपत्रे ती जशीच्या तशी छापतात. परंतु अपघातानंतर पोलीस ठाण्यात जी नोंद होते तिचा हेतू दोषी कोण हे ठरवणे हा असतो, आणि ज्या वाहनाचा वेग कोणत्याही यंत्राने मोजलेला नाही त्याच्या पंचनाम्यातही ‘भरधाव व निष्काळजीपणे’ हे शब्द सवयीने येतात. वेग घातक असतो याबद्दल दुमत नाही : सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका साधारण चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र ते मोजलेल्या वेगावरून काढलेले नाते आहे आणि अहवालातला रकाना हा लिहिणाऱ्याचा निष्कर्ष आहे. त्या रकान्यात खराब प्रकाश, झाडाआड गेलेला सिग्नल किंवा फुटपाथ अडल्यामुळे रस्त्यावर उतरलेला माणूस यांना फारशी जागा मिळत नाही.

एफआयआर वाचताना कलमांकडे लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचे जुने ३०४-अ हे कलम आता १०६ झाले आहे आणि बेदरकार वाहन चालवण्याबद्दलचे २७९ हे २८१ झाले आहे. केवळ जुन्या कलमांनी छाननी केली तर २०२४च्या उत्तरार्धात अपघात एकदम घटल्याचा भास होईल. दुसरी खाच म्हणजे तीस दिवसांचा नियम. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत जखमीचा मृत्यू झाला तर तो अपघात प्राणघातक धरतात. पण जखमी एका हद्दीत पडतो, दुसऱ्या हद्दीतल्या रुग्णालयात दाखल होतो आणि तिथे काही दिवसांनी जातो, तेव्हा मूळ नोंद सुधारली गेली की नाही हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते. केईएम, शीव, कूपर, राजावाडी यांसारख्या पालिका रुग्णालयांतल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहणे हा स्वतंत्र आणि मोलाचा अभ्यास होऊ शकतो. त्यासाठी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते आणि तिला वेळ लागतो.

आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी उभारलेली आयरॅड ही अपघात नोंदणीची प्रणाली ज्या पहिल्या सहा राज्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. तीत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, त्यामुळे ‘अमुक हॉटेलसमोर’ अशा पत्त्यांवरून नकाशा करण्याचे कष्ट वाचतात. ती सर्वांसाठी खुली नाही. अधिकृत पत्र आणि संस्थेची ओळख घेऊन वरळीच्या वाहतूक पोलीस मुख्यालयात जाणे हा पहिला मार्ग. माहिती अधिकाराचा अर्ज हा दुसरा, ज्यात दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता वर्ष, हद्द आणि रकाने नेमके लिहावेत.

‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्दही सैलपणे वापरू नये. राष्ट्रीय महामार्गांसाठी त्याची व्याख्या ठरलेली आहे : सुमारे ५०० मीटरचा असा पट्टा, जिथे तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले आहेत किंवा दहा मृत्यू झाले आहेत. शहरातल्या रस्त्याला हीच फूटपट्टी लावली तर दर पन्नास पावलांवर चौक असलेल्या भागात ५०० मीटरमध्ये तीन-चार वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळतात.

तिसरी पायरी : मोजणी

वाहनांची आणि माणसांची मोजणी हे या क्षेत्रातले धुणीभांडी. कोणाला आवडत नाही, पण त्याशिवाय घर चालत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, दिशेनुसार आणि वाहनाच्या प्रकारानुसार नोंद करावी. मोजणीचा तक्ता दुसऱ्या शहरातून उचलू नये. मुंबईत माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, त्यामुळे त्या रकान्यात भायखळ्याला शून्यच येईल. उलट काळबादेवी, मशीद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात हातगाडीचा रकाना नसेल तर रस्ता अडतो कशाने हेच कळणार नाही.

सगळी वाहने एका मापात आणण्यासाठी अभियंते ‘पीसीयू’ वापरतात, म्हणजे एक मोटारगाडी हे एकक धरून बस, ट्रक, दुचाकी यांना भारांक देतात. रस्त्याची क्षमता काढायला ते ठीक आहे. पण त्या हिशेबात बेस्टची भरलेली बस तीनेक गाड्यांएवढी ‘जागा खाणारी’ ठरते आणि तिच्यातली पन्नास-साठ माणसे तक्त्यातून नाहीशी होतात. म्हणून माझे मत असे, की मुंबईत केलेल्या प्रत्येक मोजणीत वाहनांच्या शेजारी माणसांचा रकाना असलाच पाहिजे, आणि त्यात चालणारी माणसे पहिली.

दिवस निवडताना मंगळवार ते गुरुवार घ्यावेत. रविवार लोकलच्या मेगाब्लॉकमुळे, तर गणपतीचे दिवस उघड कारणाने वगळावेत, जोपर्यंत तोच अभ्यासाचा विषय नाही. मी स्वतः पहिली मोठी मोजणी मे महिन्यात केली होती. तीन दिवस, सहा स्वयंसेवक, वडापाव आणि ताकावर झालेला खर्च, सगळे नीट पार पडले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सहज त्या रस्त्यावरून गेलो तर शाळेच्या बस, रिक्षातून डोकावणारी दप्तरे आणि मुलांना सोडायला आलेल्या आयांनी फुटपाथ भरला होता. मी शाळेसमोरच्या रस्त्याची मोजणी शाळा बंद असताना केली होती. ती पूर्ण पुन्हा करावी लागली.

शक्य असेल तिथे चित्रीकरण करावे. मुंबईत जागोजागी असलेले स्कायवॉक त्यासाठी उत्तम जागा आहेत. यातला एक विरोधाभास नजरेआड करू नये : बांद्र्याला २००८ मध्ये पहिला स्कायवॉक झाला तो माणसांना वर नेण्यासाठी, आणि त्यानंतर झालेल्या कित्येक स्कायवॉकवर उभे राहून आपण जे चित्रीकरण करतो त्यात माणसे खालूनच चाललेली दिसतात. वर चढून किती जातात आणि खालून किती, हे एका संध्याकाळी मोजले तरी एक छोटा निबंध तयार होतो.

चौथी पायरी : वेग, वेळ आणि थोडक्यात हुकलेले अपघात

वेग मोजायला महागडी बंदूक हवीच असे नाही. रस्त्याकडेला ३० मीटरवर दोन खुणा कराव्यात आणि वाहनाला ते अंतर कापायला लागलेला वेळ चित्रीकरणातून काढावा. दोन सेकंद लागले तर वेग ताशी ५४ किलोमीटर, १.८ सेकंद लागले तर ६०. म्हणजे एक पंचमांश सेकंदाच्या चुकीने सहा किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून हातातल्या घड्याळावर भरवसा न ठेवता चित्रफितीच्या चौकटी मोजाव्यात. नुसती सरासरी देऊ नये. १०० पैकी ८५ वाहने ज्या वेगाच्या आत आहेत तो वेगही द्यावा, आणि मोकळ्या रस्त्यावरचा रात्रीचा वेग दिवसापासून वेगळा ठेवावा.

सिग्नलचा हिशेब तर कोणालाही जमेल. २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस २० सेकंदांत ओलांडतो. हातात पिशवी असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.९ मीटर धरला तर जवळजवळ २७ सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा २० सेकंदांचा असेल तर त्या आजींना शेवटचे सहा मीटर वाहनांसमोरून जावे लागते, आणि मग त्यांची नोंद ‘सिग्नल तोडणारे पादचारी’ या रकान्यात होते. फुटपाथही टेप लावून मोजावा : रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. विजेची पेटी, झाडाचा कट्टा आणि दुकानाची पायरी वजा केल्यावर उरते ती खरी रुंदी.

एका चौकात वर्षाला एक-दोनच प्राणघातक अपघात होत असतील तर सहा महिन्यांच्या अभ्यासात त्यांवरून काही सिद्ध करता येत नाही, आणि मृत्यू होण्याची वाट पाहत बसणे अभ्यासकाला शोभतही नाही. त्यासाठी ‘संघर्ष’ मोजतात. पादचारी एक बिंदू सोडून पुढे गेला आणि मोटारसायकल त्याच बिंदूवर किती वेळाने पोहोचली, हे अंतर चित्रफितीवरून काढता येते. सेकंदाला २५ चौकटी असतील आणि मध्ये २० चौकटी गेल्या असतील तर ते अंतर ०.८ सेकंद झाले. असे एक-दीड सेकंदाच्या आतले प्रसंग दोन तासांत किती आणि नेमके कुठे घडतात याचा नकाशा काढला, की चौकाचा धोकादायक कोपरा डोळ्यांसमोर येतो. मुंबईत वाहने आणि माणसे सवयीने एकमेकांना खेटून जातात, त्यामुळे परदेशी मर्यादा जशीच्या तशी न लावता ब्रेक मारणे, मागे सरणे किंवा धावणे अशी चुकवण्याची कृती झाली का, हेही सोबत नोंदवावे.

पाचवी पायरी : माणसांना विचारणे

प्रवासाच्या सवयींच्या अभ्यासात ‘फेरी’ म्हणजे काय हे सर्वांत आधी ठरवावे. विरारहून अंधेरीला येणारा माणूस घरून शेअर रिक्षाने स्टेशनला, तिथून लोकलने, मग बसने आणि शेवटी सात-आठ मिनिटे चालत जातो. मुख्य साधन तेवढे विचारले तर तो ‘लोकल’ एवढेच सांगेल आणि रस्ता ओलांडण्याचे त्याचे चारही प्रसंग, म्हणजे नेमका धोका असलेला भाग, गळून पडेल. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, सर्वंकष वाहतूक अभ्यासात, ज्याची पायाभूत पाहणी २००५च्या सुमारास झाली, महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात असे दिसले. चालण्याला स्वतंत्र साधन मानून विचारले म्हणूनच ते दिसले. २०११च्या जनगणनेतला कामावर जाण्याच्या साधनाचा तक्ता मोफत मिळतो आणि उपयुक्त आहे, पण त्यात फक्त शेती व घरगुती उद्योगांबाहेरचे कामगार येतात. विद्यार्थी, गृहिणी आणि निवृत्त मंडळी त्यात नाहीत.

मुलाखतीत थेट प्रश्न विचारला की घरातल्या बाईच्या फेऱ्या हमखास गायब होतात. एका चाळीत झालेले संभाषण साधारण असे होते :

“मावशी, काल कुठं कुठं जाणं झालं?”

“मी कुठं जाते? घरीच असते.”

“सकाळी उठल्यापासून सांगा बरं. नातवाला शाळेत कोण सोडतं?”

“ते मीच. मग येताना भाजी घेते. दुपारी रेशनला गेले होते, पण ते काय जाणं झालं?”

संध्याकाळपर्यंतचा हिशेब केला तेव्हा ‘घरीच’ असलेल्या मावशींच्या सहा फेऱ्या झाल्या होत्या, सगळ्या पायी, त्यांपैकी चार मोठा रस्ता ओलांडून. म्हणून ‘किती वेळा बाहेर जाता’ असे न विचारता कालचा दिवस सकाळपासून क्रमाने सांगायला लावावा. प्रश्नावली मराठीतच रचावी, हिंदीतही तयार ठेवावी आणि पहिल्या वीस मुलाखती फेकून देण्याच्या तयारीने घ्याव्यात. साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखीच संधी असते अशा नमुन्यात, टक्केवारी पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने हवी असेल तर सुमारे ३८४ उत्तरे लागतात. स्टेशनबाहेर मिळेल त्याला थांबवून घेतलेली ३८४ उत्तरे म्हणजे तो नमुना नव्हे, कारण ८.१२ची फास्ट पकडायची असलेला माणूस थांबत नाही.

‘मेट्रो आली तर गाडी सोडाल का’ या प्रश्नाचे ‘हो’ स्वस्त असते. त्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेले बदल शोधावेत. बेस्टचे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये आठ रुपयांवरून पाच रुपये झाले आणि मे २०२५ मध्ये पाचावरून दहा; मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये टोलमाफी मिळाली. अशा प्रत्येक तारखेच्या दोन्ही बाजूंना लोकांनी काय केले हे अभ्यासता येते, मात्र २०१९ नंतरच्या कोणत्याही मालिकेत टाळेबंदीची दोन वर्षे वेगळी काढावीच लागतात.

सहावी पायरी : निष्कर्ष काढताना

दोन सापळे विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला छेदाचा : एका रस्त्यावर दहा पादचारी जखमी झाले आणि दुसऱ्यावर तीन, तर पहिला जास्त धोकादायक असे म्हणण्याआधी दोन्हींवरून किती माणसे रस्ता ओलांडतात ते पाहावे. दुसऱ्या रस्त्यावर जीव मुठीत धरून कोणी फिरकतच नसेल. दुसरा सापळा पूर्ववत होण्याचा : ज्या वर्षी एखाद्या चौकात योगायोगाने जास्त अपघात होतात त्याच वर्षी तिथे गतिरोधक येतो, आणि पुढच्या वर्षी अपघात आपोआपच सरासरीकडे परततात. श्रेय गतिरोधकाला मिळते. यावर उपाय म्हणून निदान तीन वर्षांची आधीची आकडेवारी घ्यावी आणि बदल न झालेला तसाच एक चौक तुलनेला ठेवावा.

सातवी पायरी : परवानगी, सुरक्षितता आणि अहवाल

खरे तर परवानग्यांची पत्रे पहिल्याच आठवड्यात जायला हवीत. इथे त्या शेवटी आल्या, एवढेच. रस्ता पालिकेचा, एमएमआरडीएचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी शोधावे, स्थानिक वाहतूक चौकीला लेखी कळवावे आणि मोजणी करणाऱ्या प्रत्येकाजवळ ओळखपत्र, पत्राची प्रत व चमकणारे जाकीट असावे. दुभाजकावर कोणालाही उभे करू नये. चित्रफितीतले चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक धूसर केल्याशिवाय ती कोणाला देऊ नये, आणि अपघातग्रस्ताच्या घरी मुलाखतीला जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी.

प्रबंध दीडशे पानांचा झाला तरी वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्यासाठी दोन पानांचे वेगळे टिपण करावे : एक नकाशा, तीन आकडे, एक छायाचित्र आणि करण्याजोगा एक बदल. ते हातात द्यावे, पोच घ्यावी, आणि चार-सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी तिथे पुन्हा उभे राहून मोजावे. दुभाजकाची फट जोडकाम करून बुजवलेली दिसली तर तेवढ्यावर परत फिरू नये. जाळीला हात लावत वीस-तीस पावले पुढे चालत जावे आणि नवीन गज कुठे वाकू लागला आहे ते पाहून तिथेही मोजणीचा एक माणूस उभा करावा.